हसूदादांची छावणी

हसूदादा मढवी रस्त्यानं चालत नाहीत, रस्ता ठोकत चालतात. हातात कमरेएवढी लोखंडी सळई. चार पावलं टाकायची, सळई जमिनीवर आपटायची, मान तिरकी करून ऐकायचं. ठप्प वाजलं तर पुढे. टण्ण वाजलं की तिथंच उभे. मग मागून रिक्षा येवो नाहीतर वरात येवो, दादा हलत नाहीत. "खाली क्वांक्रीट हाय," असं ते रिक्षावाल्याला सांगतात. रिक्षावाला त्यांना काय सांगतो ते मी इथे लिहीत नाही.

एकदा मेन्टेनन्सची तक्रार घेऊन माझ्याकडे आले आणि बोलता बोलता हॉलच्या लादीवर सळई आपटली. मान तिरकी केली.

"दादा, हा तिसरा मजला आहे. खाली दुसऱ्यांचं स्वयंपाकघर आहे."

"सवय हो, ताई," ते म्हणाले. पण ऐकून घेतलंच.

मी घणसोलीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झाले आणि हे लचांड गळ्यात पडलं. सोसायटीची सेक्रेटरी म्हणजे लिफ्ट बंद पडली की शिव्या खाणारी आणि लिफ्ट चालू असली की कुणालाही न आठवणारी बाई. माहेर-सासर दोन्ही चिपळूणकडचं, त्यामुळे शिव्या परत करायलाही मला जड जात नाही. हसूदादा मात्र इथलेच. आमच्या बिल्डिंगच्या मागे घणसोली गाव सुरू होतं, घराला घर चिकटलेलं, त्या गावठाणात त्यांचं जुनं घर. ते भाड्यानं देऊन दादा, त्यांची बायको सुमनवहिनी आणि दादांची म्हातारी आई, हिराआजी, असे तिघं आमच्याकडे तळमजल्यावर राहायला आले. दादांनी सारी नोकरी इथल्याच एका कारखान्यात बॉयलरवर काढली. खाकी शर्ट, कपाळाला घाम, आणि आवाज असा मोठा की बॉयलरच्या वर ऐकू यावा. बॉयलर सुटला, आवाज राहिला.

तर या हसूदादांचं म्हणणं असं की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या घणसोलीत लष्कराची छावणी होती. साधीसुधी नाही. तंबू होते, खेचरं होती, विहिरी होत्या, कवायतीचं मैदान होतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या पाटीवर नाही. हसूदादांच्या तोंडी मात्र दिवसातून दहा वेळा आहे. "लढाईचे टायमाला" हे शब्द उच्चारल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नाही. पाणी आलं नाही, की लढाईचे टायमाला इथं दोन विहिरी होत्या. डास झाले, की लढाईचे टायमाला इथं धूर करायचे. कुणाच्या मुलाला दहावीत मार्क कमी पडले, तरी लढाईचे टायमाला काहीतरी होतंच.

मी एकदा त्यांना म्हटलं, "दादा, नवी मुंबईला कसला आलाय इतिहास? माझं लग्न झालं तेव्हा इथं धड रस्ता नव्हता. हे शहर माझ्याहून लहान आहे."

दादा जिन्यात थांबले. वळले.

"शहर लहान हाय ताई," ते म्हणाले. "जमीन नाय."

आणि सळई ठोकत जिना उतरून गेले.

कुणाला पत्ता सांगायचा असला तरी दादा छावणीतूनच सांगतात. एकदा पार्सल घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी फोनवर सांगितलं, कवायतीचं मैदान सोडलं की खेचरांच्या पागेपासून डावीकडे वळ. ते पोर तासभर उन्हात हिंडलं आणि शेवटी माझ्या दारात उभं राहिलं. "मॅडम, ये खेचर का पागा किधर है?"

"वो मेडिकल के बाजू में," मी म्हटलं. तो गेला. आणि मग माझ्या लक्षात आलं, की अरे, मला पागा माहीत आहे. माणसाच्या सहवासात राहून आपण किती वाया जातो बघा.

हा शोध काही सोपा नव्हता. दादा सरकारी कचेऱ्यांत गेले. पहिल्या कचेरीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं पहिलीकडे. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठलं. एक म्हणे सगळे गोरे सोल्जर होते. दुसरा म्हणे छे, सगळे आपल्यासारखेच काळे. तिसरा म्हणाला छावणीबिवणी काही नव्हती, ती सर्कस होती, त्यानं स्वतः अस्वल बघितलंय. दादांनी त्या तिसऱ्याशी आजतागायत बोलणं टाकलंय.

मग सापडला घोड्याचा नाल. गटाराच्या खोदकामात गंजलेला एक नाल दादांना मिळाला. काय तो आनंद! रुमालात गुंडाळून घरोघर दाखवत फिरले. "पलटनीचा घोडा हाय, साधा नाय." आमच्या घरी तर त्याला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी राहिलं. चार दिवसांनी गावातला वरातीचा घोडेवाला आला आणि म्हणाला, दादा, माझ्या राणीचा नाल तुमच्याकडे आहे असं ऐकलं. गेल्या लग्नसराईत पडला होता. दादांनी नाल दिला. पण वर त्याला सुनावलं, की तुझी घोडी ज्या जागी नाल टाकून आली ना, तिथं लढाईचे टायमाला खेचरांना नाल मारायचे. जनावराला कळतं, तुला कळत नाही.

माणूस हरला असं मी कधी पाहिलंच नाही. सानपाड्याला ज्येष्ठ नागरिकांचा एक कट्टा आहे, तिथं त्यांचं भाषण ठेवलं होतं. मीच ठरवून दिलं होतं, म्हणून जाणं भाग होतं. भाषण संपल्यावर एक चष्मेवाले गृहस्थ उठले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "हे सगळं छान आहे हो, पण पुरावा काय?"

दादांनी विचारलं, "तुमचे पणजोबा होते, याचा पुरावा काय?"

"म्हणजे काय? मी आहे ना."

"मंग आमचा ओटा बी हाय ना," दादा म्हणाले आणि खाली बसले.

आता या ओट्याबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

आमच्या आवारात मागच्या कोपऱ्यात, दादांच्या घराच्या खिडकीपाशी, सिमेंट काँक्रीटचा एक लांबलचक जुना ओटा आहे. गुडघ्याच्या वर येईल एवढा उंच. बिल्डिंग बांधताना बिल्डरनं तो फोडायला घेतला होता म्हणतात, पण मशीनचं पातं मोडलं आणि त्यानं नाद सोडला. ओट्यावर एका ओळीत मोठमोठे गोल खड्डे आहेत, मधोमध उतार आहे आणि एका टोकाला पन्हळ काढलेली आहे. खड्डे कशाचे ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही बायकांनी त्यांत माती भरलेल्या कुंड्या बसवल्या आणि तुळशी लावल्या. इतक्या नेमक्या बसल्या, की जणू त्यासाठीच केलेले. मग त्या ओट्यावर सोसायटीचा सत्यनारायण व्हायला लागला. संक्रांतीचं हळदी-कुंकू तिथंच. प्रसादाचा शिरा तिथंच बसून खायचा. देवाचाच ओटा म्हणा ना.

आमचे चेअरमन जगतापसाहेब साताऱ्याकडचे. माणूस चांगला, पण त्यांच्याकडे गाड्या दोन आणि पार्किंग एक. त्यामुळे ओटा दिसला की त्यांना गाडी दिसायची. त्यांनी ठराव आणला: ओटा फोडून पार्किंग करावं. दादांनी ठराव ऐकला आणि त्या दिवसापासून जिन्यात, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी, जो भेटेल त्याला धरून एकच विनंती, "ओटा तेवढा ठेवा हो." इतकी अजिजी मी त्या माणसाच्या तोंडी कधी ऐकली नव्हती. मी म्हटलं, "दादा, काळजी करू नका. सगळ्या बायका आपल्या बाजूनं आहेत. तुम्ही फक्त मीटिंगमध्ये गप्प बसा."

हसूदादांना गप्प बसा सांगणारी मी. माझंच डोकं फिरलं होतं.

मीटिंग आमच्या मनासारखी चालली होती. बायका तुळशीबद्दल बोलल्या, एक तर डोळ्यांत पाणी आणून बोलली. जगतापसाहेब पडल्या चेहऱ्यानं बसले होते. मी आता मतं घेणार, एवढ्यात मागून आवाज आला, "ताई, मना शोध लागला हाय. सांगू का?"

मी "नंतर" म्हणायच्या आत दादा उभे राहिले होते.

"यो ओटा देवाचा नाय," ते अभिमानानं म्हणाले. "यो लढाईचे टायमाचा, पलटनीचा संडास हाय."

जगतापसाहेब खुर्चीत सावरून बसले.

दादांनी सगळं समजावून सांगितलं. ओळीनं गोल भोकं. मधे उतार. टोकाला पन्हळ. दुसरं काय असणार? त्यांनी बॉयलरवर आयुष्य काढलं होतं, पाइप आणि निचरा त्यांना कळत होता. कोण कुठं बसत असेल तेही त्यांनी हातवारे करून दाखवलं. ज्या बाईनं डोळ्यांत पाणी आणलं होतं तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या हातचा शिरा आम्ही सगळ्यांनी त्याच ओट्यावर चाटूनपुसून खाल्ला होता.

"दादा, बसा खाली," मी दात-ओठ खात म्हटलं.

"म्हनून तं ठेवायचा, ताई," दादा म्हणाले. "असा संडास अख्ख्या नवी मुंबईन नाय!"

मतं पडली. ओट्याच्या बाजूनं एकच हात वर झाला, तो दादांचा. माझासुद्धा झाला नाही. सेक्रेटरीला मत देता येतं, पण तिथं खाल्लेला शिरा आठवून माझा हात उचललाच गेला नाही. जगतापसाहेबांनी लगेच काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरवाल्याला फोन लावला. शनिवारी सकाळी ये म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बायकांनी तुळशीच्या कुंड्या उचलल्या, गोमूत्र शिंपडलं, आणि ओटा उघडाबोडका पडला. हसूदादा दिसेनासे झाले. सळईचा आवाज नाही, लढाई नाही, खेचरं नाहीत. बिल्डिंगला चुकल्यासारखं झालं. मला राग इतका आला होता, की म्हटलं याला बोलून घेतल्याशिवाय माझं जेवण जाणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी तरातरा खाली गेले आणि बेल वाजवली.

सुमनवहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला हाताला धरून आत घेतलं.

आतल्या खोलीत हिराआजी खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर टोपली, टोपलीत फडक्यावर ठेवलेली अंडी. आजींना मी लांबूनच ओळखत होते, खिडकीतला एक पांढरा अंबाडा म्हणून. त्यांच्यासमोर स्टुलावर हसूदादा बसले होते. कारखान्यातला जुना खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं, पाठ ताठ.

"हवालदार," आजी म्हणाल्या, "त्या खेचराचा पाय कसा हाय?"

"बरा हाय पोरी," दादा म्हणाले. "काल दाना खाल्ला त्यानं."

"पागेजवलची इहीर आटली का?"

"ती आटली. वरची चालू हाय. वरच्या इहिरीचंच पानी पितो आमी."

"मंग ठीक हाय," आजी म्हणाल्या आणि एक अंडं फडक्यानं पुसून त्यांच्या हातावर ठेवलं.

मी दाराला धरून उभी राहिले. पागा, विहिरी, कवायतीचं मैदान, ज्या ज्या गोष्टी ऐकून मी जांभया दिल्या होत्या, त्या सगळ्या इथं कामाला येत होत्या.

स्वयंपाकघरात वहिनींनी हळू आवाजात सांगितलं. आजी लहान असताना, म्हणजे लढाईच्या काळात, गावातली पोरं छावणीत अंडी द्यायला जायची. तिथं एक हवालदार होता, तो अंडी घ्यायचा. आता आजींचं सगळं पुसलं गेलंय. नवरा आठवत नाही, सून आठवत नाही. पोटचा मुलगा समोर आला की अंगावर पांघरूण ओढायच्या, कोण परका पुरुष घरात आला म्हणून. जेवायच्या नाहीत त्याच्या हातून. मग एकदा दादा कारखान्याचा खाकी शर्ट घालून कुठून तरी आले, आणि आजी खुदकन हसल्या. म्हणाल्या, हवालदार, किती दिवस कुठं होतास?

"तवापासून ह्ये रोज हवालदार," वहिनी म्हणाल्या. "ती इचारते, खेचराचं काय झालं, इहिरीचं काय झालं. यांना काय ठाव? चुकीचं सांगितलं की तोंड फिरवते. म्हणून मग शोधत फिरतात."

दादा बाहेर आले. खाकी शर्ट काढून त्यांनी घडी घातली. मला बघून नुसते बसले. माझा राग कुठल्या कुठे गेला होता, पण भांडायच्या तयारीनं आलेलं तोंड एकदम गप्प कसं बसणार?

"अहो, पण तुमच्या घरात छावणी बघितलेलं माणूस बसलंय," मी म्हटलं, "तर त्यांनाच विचारायचं होतं ना, ओटा कशाचा ते?"

"कसं इचारू ताई?" दादा म्हणाले. "मी हवालदार. हवालदारानं गावच्या पोरीला इचारायचं, का गो, आमचा संडास कुठं हाय?"

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. मग दोघंही थांबलो.

"मग आजींना ओट्यापाशी नेऊन दाखवा. चार पावलांवर तर आहे."

दादांनी मान हलवली. त्यांचा तो बॉयलरवरचा आवाज पार खाली आला होता. "नको. खाटेवरून तिला ओट्याचा कोपरा तेवढा दिसतो. सकालची उठून बघते नं बोलते, पलटन हाय अजून. भायेर नेली, नं तिनं बघलं, सगल्या बिल्डिंगी, कायच नाय, तं तिची छावनी जाईल. छावनी गेली तं हवालदार गेला." त्यांनी शर्टाच्या घडीवरून हात फिरवला. "मंग मी कोन, ताई?"

ओटा उद्या सकाळी फुटणार होता. ठराव माझ्याच सहीनं गेला होता. मी वर आले आणि जेवण काही गेलं नाहीच.

शनिवारी सकाळी ब्रेकरवाला आला. जगतापसाहेब ओट्यावर चढले होते, एका खड्ड्यात पाय रोवून उभे, आणि कुठून सुरुवात करायची ते बोट दाखवून सांगत होते. बायका गॅलऱ्यांतून बघत होत्या. मी खाली उभी. दादा आपल्या दारात, गंजीफ्रॉक आणि अर्ध्या चड्डीवर, नुसते बघत.

ब्रेकर एकदा घरघरला आणि दादांच्या मागून हिराआजी बाहेर आल्या. कुणी त्यांना आणलं नाही. कमरेवर अंड्यांची टोपली, दुसरा हात भिंतीला. दादा धरायला गेले, तर त्यांनी हात झटकला. तशाच चालत त्या ओट्यापाशी आल्या आणि जगतापसाहेबांकडे मान वर करून बघितलं.

"चुलीन कशाला उभा रं?" आजी म्हणाल्या. "भाजशील ना. भायेर ये."

जगतापसाहेब घाबरून खड्ड्याबाहेर आले. आजींचा आवाजच तसा होता. ब्रेकरवाल्यानं मशीन बंद केलं.

"चूल?" मी विचारलं. "आजी, ही चूल?"

"मंग काय? सगल्या चुलीच हायत. एकेकीवर केवडाल्या डेगी. आख्खी पलटन जेवते." त्या ओट्याच्या टोकाला गेल्या, पन्हळीखाली हात धरला. "भाताची पेज हिकरून सोडतात. आमी हांडी लावतो. आमचे आलीतली सगली पोरा ये पेजेवर वाढली." मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "तुमाला कायच ठाव नाय?"

दादा ओट्याशी आले. उतार, पन्हळ, गोल भोकं. सगळं त्यांनी बरोबर बघितलं होतं, फक्त अर्थ भलताच लावला होता. त्यांनी ब्रेकरवाल्याची छिन्नी घेतली आणि खड्ड्याच्या आतल्या बाजूचं शेवाळ खरवडलं. शेवाळाखाली भाजलेली विटांची कड निघाली, आणि विटांवर काजळी. जगतापसाहेबांनी वाकून त्या काजळीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे आजोबा पलटणीत होते, सांगतो ना मी सगळ्यांना?"

"सांगता की. मिशांसकट सांगता."

"लंगरात होते ते. भात शिजवायचे. हे नाही सांगत मी कुणाला." त्यांनी पायातल्या चपला काढल्या, ओट्याखाली ठेवल्या, आणि ब्रेकरवाल्याला म्हणाले, "जा बाबा तू." चहा घेऊन जा असंही म्हणाले. वरच्या गॅलरीतली शिऱ्याची बाई आता अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगत होती, की मला आधीपासून वाटतच होतं, अन्नपूर्णेचीच जागा आहे. माझी छाती अशी काही भरून आली की विचारू नका. आमच्या या कालपरवाच्या शहरात, आमच्या आवारात, एका पलटणीच्या पोटाची जागा होती, आणि ती बघितलेली बाई आमच्या तळमजल्यावर राहत होती.

आजींना या कशाचं काही नव्हतं. त्या ओट्याच्या कडेला बसल्या होत्या आणि टोपली पुढे सरकवून दादांना म्हणत होत्या, "पानी आन. अंडी बघून घे."

दादांनी स्वतःकडे बघितलं. अंगात गंजीफ्रॉक होता, खाकी शर्ट आत घडी करून ठेवलेला. ते तसेच जागच्या जागी उभे राहिले.

"हवालदार, आयकतोस ना? पानी आन."

वहिनींनी धावत बादली आणली. दादा आईसमोर उकिडवे बसले आणि एकेक अंडं पाण्यात सोडायला लागले. चांगलं अंडं बुडतं, नासकं वर येतं. सगळी तळाला गेली.

"एक पन तरंगला नाय," दादा म्हणाले.

"माजा अंडा कवा तरंगला नाय," आजी म्हणाल्या. मग मान वर करून त्यांनी चारी बाजूंच्या उंच इमारतींकडे बघितलं. दादांचा हात बादलीतच थांबला.

"तंबू उंच लावलं रं यंदा," आजी म्हणाल्या.

"हा," दादा म्हणाले. "मानसं वाढली ना पोरी. जागा पुरत नाय."

आजींना ते पटलं. थोडा वेळ त्या पाय हलवत बसून राहिल्या. ऊन वर आलं होतं. मग त्यांनी दादांना जवळ बोलावलं आणि आमच्यापासून लपवल्यासारखं, पण चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "हवालदार, तुना एक सांगू? माजा एक पोर हाय."

दादांनी मान वर केली नाही.

"सगली बोलतात, म्हातारीचा डोका फिरला. छावनी नाय, पलटन नाय, कायच नवता. त्यो एकलाच बोलतो, माजी आय खरा सांगते. उन्हातान्हान फिरतो माजेसाठी. तुना भेटला का कवा?"

दादांनी बादलीतलं एक अंडं काढलं, गंजीफ्रॉकला पुसलं आणि जपून टोपलीत ठेवलं.

"भेटला," ते म्हणाले. "चांगला पोर हाय."

"चांगला हायच," हिराआजी म्हणाल्या. "माजा हाय."